कुरकुरत्या पायरीचं प्रकरण

१

मंगळवारी सकाळी मी सासरच्या घरात शिरलो, तेव्हा मिस्त्री जिन्याखाली अशा चेहऱ्याने उभे होते की मी आपोआप आवाज खाली आणला.

"काय झालं मिस्त्री?"

"परत बोलली."

"कोण?"

"पायरी."

जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उरतात, त्यांच्या वरच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. 'कुर्रर्र-क'. आधी बारीक, मग मधे किंचित अडखळून, शेवटी लांबवलेला. भरपूर जेवलेला गृहस्थ पाटावरून उठताना काढतो तसा आवाज.

माझ्या लग्नापासून ही पायरी अशीच बोलत आली होती. काल मिस्त्रींनी तिला गप्प केलं होतं. जिन्याखालच्या बुटक्या कपाटात अर्धे शिरून, उताणे पडून त्यांनी फळीच्या सांध्यात लाकडाच्या पाचरी ठोकल्या. मग घरातल्या सगळ्यांना ओळीने जिना चढायला-उतरायला लावलं. पायरी तोंड मिटून सगळ्यांचं वजन सोसत राहिली. माझ्या बायकोने टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या कुठल्याही कर्तृत्वावर तिने टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

"पाचर ढिली झाली असेल," मी म्हणालो. सुतारकामातलं मला कळतं ते एवढंच.

मिस्त्रींनी कपाटाचं दार उघडलं. आत वर्तमानपत्राच्या घडीवर पाचरी मांडून ठेवल्या होत्या. आधी मोठी, मग मधली, मग लहान. एकीचाही टवका उडालेला नव्हता.

"चोर असता तर घेऊन गेला असता," मिस्त्री म्हणाले. "दुश्मन असता तर मोडून गेला असता. हा कोण म्हणायचा? माझी दुरुस्ती अलगद काढतो, पुसतो आणि मलाच परत करतो?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. "जावईबापू आलेत ना? चपला घासल्याशिवाय आत येत नाहीत ते," त्या म्हणाल्या. त्यांच्या कोपराला पट्टी होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दार लागलं."

बोलत बोलत त्यांनी उंबऱ्यापाशी पाऊल टाकलं आणि त्यांच्या पायाखाली 'टक्' असं वाजलं.

मिस्त्रींच्या हातातला हातोडा खाली आला.

"ही फरशी," ते म्हणाले, "काल गवंड्याने पक्की बसवली होती."

२

घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकरणात पणाला लागलेलं तेच होतं.

घर दुमजली, जुनं, आणि जुनं असल्याचा तोरा मिरवणारं. खाली नक्षीच्या फरश्या. मधोमध लाकडी जिना. जिना संपतो तिथे कठड्याच्या खांबावर मोठ्या पेरूएवढा गुळगुळीत लाकडी गोळा, आणि त्याला एका बाजूला खोल खाच. माझ्या मेहुण्याने लहानपणी तिथे काहीतरी आपटलं होतं. काय, ते तो अजून सांगत नाही. दारावर रंगीत काचांची अर्धगोल खिडकी. दिवाणखान्याच्या छताला चुन्याचं मोठं फूल.

या फुलाची एक पाकळी काही महिन्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर पडली. वरणात पडली असती तरी चाललं असतं, पण ती पडली माझ्या मेहुण्याच्या ताटात. मेहुण्याला आम्ही दादा म्हणतो. तो एका कंपनीत 'सेफ्टी' बघतो. त्याच दिवशी त्याने फर्मान काढलं. घराची नीट दुरुस्ती करायची. काम झालं की तो येऊन एकेक वस्तू तपासणार. घर धड असलं तर अप्पा आणि माई इथेच राहतील. नसलं तर दोघांनी त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचं, आणि घर विकायचं. तपासणी येत्या रविवारी होती.

अप्पा म्हणाले, "बघू."

माई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या फ्लॅटमध्ये सगळं एकसारखं असतं रे."

दादाला ती स्तुती वाटली.

अप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर त्यांनी लोकांना तोंड उघडायला लावलं, आणि तेव्हा ते स्वतः क्वचितच उघडत. हल्ली मात्र त्यांना बोलण्याची बाधा झाली होती. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. पहिल्या पानापासून 'विहिरी खोदून मिळतील' या जाहिरातीपर्यंत. कोणी आलं की समालोचन सुरू. "आले बघ जावई. निळा सदरा घातलाय. दाढी केलेली नाही." आम्ही म्हणायचो, निवृत्त माणसाला श्रोता लागतो. माई शांतपणे ऐकत. त्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आणि त्यांचा दरारा असा, की माझ्या लग्नात मी घातलेल्या कपड्यांच्या रंगांवरून त्यांनी मला नापास केलं होतं.

दुरुस्तीची सूत्रं जतनवाल्या बाईंकडे होती. जुन्या वास्तू जपणं हा त्यांचा व्यवसाय. 'मूळ' हा शब्द त्या देवाचं नाव घ्यावं तसा घेत. गेल्या आठवड्यात दारावरची खिडकी उतरवताना त्यातली लाल काच फुटली. काचवाल्याला तसा लाल मिळेना, म्हणून त्याने तात्पुरती हिरवी बसवली. बाई खिडकीखाली सुतक पाळत उभ्या होत्या. माई आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "लाल काय सुरेख उजळलाय, नाही?"

बाई डोळे पुसत निघून गेल्या. सासूबाईंच्या टोमण्याला धार आहे, हे मी मनोमन मान्य केलं.

असं हे घर. आणि रविवार चार पावलांवर असताना त्यात झालेली कामं कोणीतरी उसवत होतं.

"मावशीला बोलवते," माझी बायको म्हणाली.

मला वाटलं होतं त्याहून परिस्थिती गंभीर होती.

३

मावशी ही माईंची धाकटी बहीण. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात तिची हयात गेली. जळालेल्या गोदामांचे मालक तिच्यासमोर रडत, आणि ती त्यांना पाण्याचा ग्लास देऊन पुढचा प्रश्न विचारत असे. निवृत्त झाल्यावरही तिची माणसांवर विश्वास न ठेवण्याची सवय गेली नाही. फक्त तिचं मानधन बंद झालं.

ती बुधवारी आली. पिशवी ठेवायच्या आधी कपाटात डोकं घातलं, पाचरी बघितल्या, फरशी उचलली. फरशीखालचं ओलं सिमेंट कोणीतरी कोरून काढलं होतं. कडेला एक कणही सांडलेला नव्हता.

"मिस्त्री, किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

"घरच्यांकडे, माझ्याकडे, बाईंकडे. माझ्यावर संशय असेल तर आत्ताच सांगा. मी हत्यारं आवरतो."

"संशय सगळ्यांवर आहे. तुम्हाला वेगळी वागणूक मिळणार नाही. काल सकाळी तुम्हाला काय वाटलं?"

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "वाईट वाटलं. पण एक सांगू? इतकं नीट काम काढणारा माणूस मला हाताखाली मिळाला, तर मी त्याला सोडणार नाही."

जतनवाल्या बाईंची साक्ष दिवाणखान्यात झाली.

"पायरीची कुरकुर काढू नका असं तुम्ही म्हणाला होतात?"

"म्हणाले होते! घराचं वय ऐकू आलं पाहिजे. तो मूळ आवाज आहे."

"म्हणजे तुम्हाला कारण होतं."

"कारण होतं, पण धाडस नव्हतं. आणि मी काढलंच असतं काही, तर ती काच काढली असती." त्यांनी दारावर बघितलं. "हिरवी! तुमच्या ताई तर हसल्या मला."

"ताई हसली? काय म्हणाली?"

बाईंनी सांगितलं. मावशीने मान हलवली आणि ती चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली. चष्मा स्वच्छ होता.

"गोळा उद्या दुरुस्त करतोय," मिस्त्री दारातून म्हणाले. "भुसा आणि सरस भरून खाच बुजवतो. वरून पॉलिश. कोणाला कळणार नाही तिथे खाच होती."

"करा," मावशी म्हणाली. "बघू तर किती टिकतो."

४

दादाला तिने फोनवर गाठलं. फोनचा आवाज असा होता की बाजूला बसून मलाही साक्ष ऐकायला मिळाली.

"मावशी, हे बघ, मी सांगत होतो. घराला आता वय झालंय. रिस्क आहे. माझ्याकडे काय वाईट आहे? लिफ्ट आहे, गार्ड आहे. माई मागे राहायला आली होती तेव्हा इतकी शांत झोपली, की खोलीबाहेरसुद्धा आली नाही!"

"अजिबात नाही?"

"हाक मारेपर्यंत नाही. दुरुस्ती फसली तर मला आनंद होईल असं वाटतं का तुला?"

"होईल का?"

"त्या घरात मी वाढलोय, मावशी. पण एक दिवस फोन येईल आणि दोघांतलं कोणीतरी जिन्याखाली पडलेलं असेल. मला त्या फोनची भीती वाटते."

मावशीने फोन ठेवला. "खरं बोलतोय," ती म्हणाली. दादाची बाजू घेताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मग माझी पाळी आली.

"जावईबापू, या कामात तुमचे सगळे रविवार गेले. ते संपू नये असं तुम्हाला वाटायचं कारण नाही."

"अजिबात नाही."

"आणि पाचर कुठल्या बाजूने ठोकतात?"

"वरून?"

"तुम्ही निर्दोष आहात," मावशी म्हणाली. निर्दोष सुटल्यावर इतका अपमान कोणाचा झाला नसेल.

अप्पा मागच्या अंगणात आरामखुर्चीत कमरेखाली उशी घेऊन पडले होते.

"कंबर धरली का भाऊजी?"

"सोमवारपासून. वय."

"सोमवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"रेडिओ ऐकत होतो."

"शेजारचे म्हणतात, तेही तुमचाच रेडिओ ऐकत होते. खिडक्या लावून."

"ऐकू कमी येतं गं हल्ली."

मावशी एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "चहा घेणार का?"

"अर्धा कप," अप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी आकाशाकडे बघितलं.

मला वाटलं, आता ती पकडणार. पण ती उठून आत गेली. अप्पांवर संशय घेण्यात अर्थही नव्हता. घराची दुरुस्ती फसली तर नवव्या मजल्यावर जाऊन बसायचं होतं ते त्यांनाच. ज्या फांदीवर माणूस बसलाय ती तो कशाला कापेल?

गुरुवारी मिस्त्रींनी गोळ्याची खाच बुजवली. गोळा आरशासारखा झाला. शुक्रवारी सकाळी मी त्यावर हात ठेवला, आणि माझं बोट सरळ खाचेत गेलं.

५

"हलवू नका बोट," मावशी म्हणाली. "काय लागतंय?"

"खाच."

"कशी? टोचते?"

"नाही. गुळगुळीत आहे. आधी टोचायची."

मावशीने भिंग लावून बघितलं. भरलेला भुसा आणि सरस कणाकणाने खरवडून काढला होता. बाजूच्या पॉलिशवर ओरखडाही नव्हता. खाचेच्या कडा घासून गोल केल्या होत्या.

"जावईबापू, मी जळालेल्या गोदामात गेले की काय जळलं ते बघत नसे. ते सगळेच बघतात. मी बघायचे, काय जळलं नाही. एका गृहस्थाचं अख्खं गोदाम खाक झालं, फक्त आजोबांची तसबीर आदल्या दिवशी घरी गेली होती. इथे काय वाचलंय?"

मी बघितलं. "छताचं फूल नवीन केलंय, त्याला कोणी हात लावला नाही. काचांची खिडकी. खिडक्यांची नक्षी. भिंतींचा रंग."

"आणि काय उसवलंय?"

"पायरी. फरशी. गोळा."

"फरक काय?"

मी विचार केला. विचार करताना माझा चेहरा बघवत नाही असं बायको म्हणते. मावशीलाही बघवला नसावा.

"वर जा," ती म्हणाली. "तिथून डोळे मिटून स्वयंपाकघरात या. कठडा सोडू नका."

मी वर गेलो, डोळे मिटले आणि निघालो. अंधारात जिना फारच लांब होतो. पाय चाचपत, जीव मुठीत धरून उतरत असताना पायाखालून 'कुर्रर्र-क' आलं आणि मला एकदम कळलं, की आता दोनच उरल्या. त्या उतरलो. हात गोळ्यावर आला. बोट खाचेत गेलं. खाच उजवीकडे होती, म्हणून मी उजवीकडे वळलो. भिंतीकडेने चालत राहिलो. 'टक्'. उंबरा. पाय उचलला.

"उघडा डोळे."

मी स्वयंपाकघरात, ओट्यासमोर उभा होतो.

"जे नुसतं बघायचं, त्याला कोणी हात लावलेला नाही," मावशी म्हणाली. "जे पायाला, हाताला, कानाला कळतं, तेवढंच परत बिघडवलंय. या घरात कोणीतरी असंच चालतंय, जावईबापू. तुम्ही आत्ता चाललात तसं. रोज."

"कोण?"

तिने दारावरच्या खिडकीच्या दिशेने बोट केलं. "चित्रकलेच्या बाई हिरव्याला लाल कधी म्हणतात?"

कोपराची पट्टी मला आठवली. सोमवारी पायरी गप्प झाली होती. मोठ्याने वाचलेलं वर्तमानपत्र आठवलं. 'निळा सदरा घातलाय, दाढी केलेली नाही.' लाल काचेबद्दलचा तो टोमणा नव्हता. अप्पांची बडबडही बडबड नव्हती.

"पण मग हे सगळं माईंनी..."

"तिला दिसत नाही म्हणतेय मी, आणि तुम्ही तिला कपाटात उताणं झोपवताय? पाचरी कशा ठेवल्या होत्या आठवा. मोठी, मधली, लहान. आयुष्यभर ट्रेमध्ये हत्यारं कोण मांडत आलं?"

६

अप्पांनी नाकारलं नाही. किडकी दाढ दिसल्यावर पेशंटला सांगायचे तितक्याच शांतपणे ते बोलले.

"वर्ष होत आलं. आधी तिने वाचणं सोडलं. म्हणाली, वाचण्यासारखं असतं काय. मग चहा ओतताना कपाच्या कडेला बोट धरायला लागली. मला सांगितलं नाही. दादाला कळलं तर तो उचलून नेईल, ही तिची धास्ती. मला कळलं तर मी दादाला सांगेन, हीसुद्धा. म्हणून मीही काही बोललो नाही."

"आणि पायरी?"

"सोमवारी संध्याकाळी उतरत होती. आवाज आला नाही, तेव्हा तिला वाटलं अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. संपल्या तेव्हा तोल गेला. मी बघितलं. तिने आजूबाजूचा कानोसा घेतला, उठली आणि म्हणाली, 'दार लागलं.' मी दाराला शिव्या दिल्या." त्यांनी कंबर चोळली. "दुसरं करण्यासारखं काय होतं? दुरुस्तीने तिचं घर जात होतं, आणि दुरुस्ती नाही झाली तरी घर जाणारच. मी आजचा दिवस बघितला."

"डॉक्टरांना दाखवायला हवं होतं, भाऊजी."

"तिला न सांगता कसं दाखवू? तिला सांगायचं नाही हं. मला माहीत आहे हे तिला कळता कामा नये. शब्द दे."

मावशीने शब्द दिला. तिच्या नोकरीत तिने तो कधीच कोणाला दिला नव्हता.

रविवारी दादा आला. हातात टॉर्च होता. त्याने पायरी वाजवून बघितली, फरशी वाजवून बघितली, गोळ्यावरून हात फिरवला. मग आम्हाला सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. मिस्त्री आणि बाईसुद्धा होत्या.

"मावशी, तू तपास केलास म्हणे. सांग."

मावशी उभी राहिली. "मिस्त्री स्वतःचं काम स्वतः उसवणार नाहीत. त्यांना राग गिळता येत नाही, नाटक काय करता येणार. बाईंनी काच काढली असती. तू, दादा, त्या कपाटात मावत नाहीस. जावयांना पाचर कुठून ठोकतात ते माहीत नाही."

"मग कोण?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा छताच्या फुलाकडे बघत होते.

"तपास पूर्ण," मावशी म्हणाली. "निष्कर्ष सांगता येणार नाही."

"हे काय उत्तर झालं?" दादा उठला. "म्हणजे कामच कच्चं झालं. मिस्त्री, तुम्हाला दोष देत नाही, पण वयाप्रमाणे हात..."

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उचलली. ते दारापर्यंत गेले.

"थांबा मिस्त्री," माई म्हणाल्या. "तुमचं काम चांगलं होतं. ते आमच्या ह्यांनी काढलं."

अप्पांची मान एकदम खाली आली.

"माझ्यासाठी काढलं," माई म्हणाल्या. "मला दिसत नाही नीट."

मग अप्पा अगदी हळू म्हणाले, "तुला कधी कळलं, मला माहीत आहे ते?"

"संशय होताच. तुम्ही विहिरीच्या जाहिराती वाचायला लागलात तेव्हापासून. खात्री परवा झाली. गोळ्यावर हात ठेवला. खाच परत होती, पण बोटाला टोचली नाही. आख्ख्या घरात खाचेच्या कडा घासणारा माणूस एकच." त्या हसल्या. "म्हटलं, सांगत नाहीत तर नाही. मला तरी कुठे सांगायचं होतं?"

दादा माईंसमोर जमिनीवर बसला. "माई, किती दिसतं?"

"कडेकडेने दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं, की तू नसतोस. जरा बाजूला बघितलं, की येतोस."

दादाने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग सेफ्टीवाल्यांना शोभेल असं म्हणाला, "मग तर मी तुला इथे ठेवूच शकत नाही."

"तुझ्याकडे आले होते, तेव्हा मी खोलीतून बाहेर का आले नाही, माहीत आहे? तुला वाटलं, झोप छान लागली." माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात आधी कानावर पडला, मग वर सरकला. "मला दार सापडेना. सगळं गुळगुळीत. मी पलंगावर बसून राहिले, तू हाक मारेपर्यंत."

त्या उठल्या. कोणाचा हात न धरता वर गेल्या, खाली आल्या. कुर्रर्र-क. टक्. ट्रेमधून चहा आणला आणि एक थेंबही बशीत न सांडता दादासमोर ठेवला.

दादाने कप बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"उद्या डॉक्टरांकडे," तो म्हणाला. "त्यात वाद नाही."

"नाही," माई आणि अप्पा एकदमच म्हणाले.

"आणि मिस्त्री." त्याने खाकरून घेतलं. "पायरी पक्की पाहिजे. हत्ती उभा राहिला तरी हलता कामा नये. पण आवाज तोच राहिला पाहिजे. होईल का?"

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली.

७

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली उपचारांनी बरीच टिकवता येईल. मग त्यांनी अप्पांवर इतकं तोंडसुख घेतलं की अप्पांनी आपणहून तोंड उघडून दाखवलं असतं.

मिस्त्रींना पायरीसाठी आठवडा लागला. फळीला खालून नवीन आधार दिला आणि फक्त एका कडेला दोन लाकडं एकमेकांवर घासतील एवढी जागा सोडली. माई वर उभ्या राहून परीक्षा घेत.

"ही नाही. ही फार रडकी."

मिस्त्री कपाटात शिरत. कापल्याचा, घासल्याचा आवाज येई.

"आता?"

"जवळ आलात. पण ती मधे जरा थांबायची. विचार केल्यासारखी."

जतनवाल्या बाई शेजारी बसून डोळे मिटून ऐकत. मूळ आवाज जतन करण्याचं काम त्यांच्या आयुष्यात पहिलंच होतं. दोन्ही गालांवर रंग चढला होता. शेवटी त्यांना लाल काचही कुठूनशी मिळाली. ती त्यांनी माईंच्या डोळ्याच्या कडेला, उजेडात धरली.

"हं. हा लाल," माई म्हणाल्या. "आधीचा जरा वेगळा होता का?"

"आधीचा हिरवा होता."

माई इतक्या हसल्या की त्यांना बसवावं लागलं. "आणि तुम्हाला वाटलं, मी टोमणा मारला?"

फरशी गवंड्याने खाली पोकळी ठेवून पक्की केली. आता ती हलत नाही, पण वाजते. गोळ्याच्या खाचेला कोणी हात लावला नाही. ती तिथे कशी पडली, हे दादाने अजूनही सांगितलेलं नाही. माई म्हणतात, त्याला परत नवव्या मजल्यावर जाऊ दे, मग फोनवर विचारू.

अप्पा अजून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. आता जाहिराती गाळतात. मग माई विचारतात, "विहिरींचं काय झालं?" आणि त्यांना परत मागे जावं लागतं.

पायरी ज्या दिवशी पास झाली, त्या दिवशी मी वरून उतरत होतो. माई स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून कपात चहा ओतत होत्या. कपाच्या कडेला बोट होतं. ते आता कोणी लपवत नव्हतं.

मी पायरीवर पाय ठेवला. कुर्रर्र-क. बारीक, मधे किंचित अडखळून, शेवटी लांबवलेला. अगदी पहिल्यासारखा.

"शाबास मिस्त्री," माई म्हणाल्या. आणि मग मागे न बघता, "जावईबापू, वजन वाढलंय तुमचं."